छत्र्या मोजून पाऊस कळतो का? हृदयविकार आणि रक्तातला सीआरपी

रात्री साडेदहाला मैत्रिणीचा मेसेज आला. मेसेज कसला, रिपोर्टचा फोटो. त्यातल्या एका ओळीभोवती तिने बोटाने लाल गोल काढला होता: एचएस-सीआरपी ७.८, आणि शेजारी जाड अक्षरात ‘हाय’. त्याखाली बारीक टायपात, ‘३ पेक्षा जास्त: हृदयविकाराचा धोका अधिक’. तिचा प्रश्न एका ओळीचा होता. “मला ॲटॅक येणार आहे का गं?”

असे फोटो यापुढे आणखी येणार. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ कार्डिओलॉजी या हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थेने एक निवेदन काढलं, की हृदयविकाराचा धोका जोखताना कोलेस्टेरॉलसोबत ही तपासणीही सरसकट सगळ्यांची करावी. युरोपातल्या तज्ज्ञांच्या २०२१ च्या सूचनांमध्ये मात्र रक्तातले असे जादा मार्कर सरसकट तपासू नका, असं म्हटलेलं आहे. म्हणजे जाणत्यांमध्येच एकमत नाही, आणि आकडा मात्र तुमच्या हातात येऊन पडलेला असतो. तर तो आकडा नेमकं काय मोजतो, हे आधी पाहू.

दाह म्हणजे पोटातली जळजळ नव्हे

सीआरपी हा दाहाचा मार्कर आहे. मार्कर म्हणजे रक्तात मोजता येणारी खूण. ‘दाह’ या शब्दाने मराठीत जरा घोटाळा होतो, कारण आपल्याला ॲसिडिटी आठवते. डॉक्टर म्हणूनच सोपं करून “सूज आहे” म्हणतात, पण प्रत्येक दाहात डोळ्यांना दिसणारी सूज असतेच असं नाही.

बोटात काटा रुतला की काय होतं ते आठवा. तासाभरात ती जागा लाल होते, गरम लागते, सुजते, ठणकते. हे सगळं काटा करत नाही, आपलंच शरीर करतं. तिथल्या बारीक रक्तवाहिन्या सैलावतात, त्यांतून पांढऱ्या पेशी बाहेर पडून काट्याकडे धावतात, जंतू सापडले तर खातात, मोडतोड झालेलं साफ करतात. काटा निघाला की दोन-चार दिवसांत सगळं ओसरतं. हा दाह. तो नसता तर साध्या खरचटण्यानेही माणूस दगावला असता.

आता असा काटा कल्पा, जो निघतच नाही. पेशी येत राहतात, मरत राहतात, नव्या येतात. ठणका नाही, ताप नाही, बाहेरून काही दिसत नाही, पण आत वर्षानुवर्षं धुमसत राहतं. हृदयाच्या रक्तवाहिन्यांत घडतं ते हे.

भिंतीत रुतलेला काटा

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमन्या हृदयाच्या पृष्ठभागावरून जातात. त्यांना कोरोनरी धमन्या म्हणतात. मोठ्यातली मोठी धमनीही तीन-चार मिलिमीटर रुंद, म्हणजे साधारण पेन्सिलीच्या निम्मी. या धमन्यांत ‘ब्लॉकेज’ होतं म्हणजे काय, असं विचारलं तर बहुतेक जण नळाचं चित्र काढतात: पाइपमध्ये चरबीचा गाळ बसत गेला आणि एक दिवस पाइप तुंबला. चित्र सोपं आहे, पण चुकीचं आहे.

गाळ पाइपच्या आत साचत नाही, भिंतीच्या पोटात शिरतो. रक्तातले एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कोलेस्टेरॉलचे कण धमनीच्या आतल्या पातळ अस्तराखाली घुसतात, तिथे अडकतात आणि त्यांचं रूप बदलतं. शरीराला ते परके वाटू लागतात. हा झाला काटा. मग पांढऱ्या पेशी मागोमाग भिंतीत शिरतात आणि ते कण खायला लागतात. खाणं थांबवायचं कुठे, हे या पेशींना कळत नाही. खाऊन खाऊन त्या चरबीच्या थेंबांनी इतक्या टम्म भरतात, की सूक्ष्मदर्शकाखाली फेसाळलेल्या दिसतात. त्यांचं नावच फोम सेल, म्हणजे फेसपेशी.

कोलेस्टेरॉल पचवून संपवणं या पेशींना जमत नाही. आत त्याचे सुईसारखे स्फटिक तयार होतात. २०१० मध्ये संशोधकांना दिसलं, की हे स्फटिक पेशीच्या आतली एक धोक्याची घंटा वाजवतात आणि पेशी इंटरल्यूकिन-१ बीटा नावाचा रासायनिक निरोप बाहेर धाडते: माणसं पाठवा. आणखी पेशी येतात, त्याही खातात, भरतात, मरतात, आणि पोटातलं सगळं तिथेच सांडतात. या ढिगाला प्लाक म्हणतात. शरीर त्यावर तंतूंचं एक झाकण घालतं. ते जाड आणि घट्ट असेल तर प्लाक निमूट पडून राहतो.

दाहाची खरी करामत पुढे आहे. धुमसणाऱ्या पेशी जी विकरं, म्हणजे एन्झाइम, सोडतात ती हे झाकण कुरतडतात. झाकण पातळ होतं आणि एखाद्या दिवशी फाटतं. आतला मसाला रक्ताला लागला, की रक्ताला वाटतं जखम झाली. ते आपलं नेहमीचं काम करतं, गुठळी बनवतं. धमनी काही मिनिटांत बंद होऊ शकते. हा हार्ट ॲटॅक.

म्हणूनच “गेल्याच वर्षी टीएमटी नॉर्मल होती हो, आणि अचानक ॲटॅक आला” ही तक्रार खोटी नसते. धमनी निम्म्याहूनही कमी अरुंद झालेली असते, त्यामुळे टीएमटीत, म्हणजे ट्रेडमिलवर चालवून केलेल्या हृदयाच्या तपासणीत, धाप लागत नाही, पण तिथला प्लाक धुमसत असला तर तोच फाटतो. किती अरुंद आहे एवढ्याने भागत नाही. किती तापलेलं आहे, हेही कळावं लागतं.

हा विचार नवा नाही. बर्लिनच्या रुडॉल्फ फिर्खो यांनी १८५० च्या दशकातच धमन्यांच्या या आजाराकडे दाह म्हणून पाहिलं होतं. पुढे कोलेस्टेरॉलच्या संशोधनाच्या गलबल्यात तो विचार बराच काळ मागे पडला. १९९९ मध्ये रसेल रॉस या अमेरिकन संशोधकांनी एका गाजलेल्या लेखात स्पष्ट मांडलं, की धमनीकाठिण्य, म्हणजे धमन्यांत प्लाक साचण्याचा हा विकार, दाहाचा आजार आहे. फिर्खो बरोबर होते हे पटायला जवळपास दीडशे वर्षं गेली!

मग यात सीआरपी कुठे आला?

१९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस न्यूमोनियाच्या रुग्णांचं रक्त तपासत होते. न्यूमोनियाच्या जंतूतला ‘सी’ नावाचा एक घटक रुग्णांच्या रक्तात टाकला, की साका तयार व्हायचा. रुग्ण बरा झाला की व्हायचा नाही. ‘सी’शी अभिक्रिया करणारं प्रथिन, म्हणून सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन. नाव असं योगायोगाने पडलं. पुढे दिसलं, की त्या एका जंतूपुरतं ते मर्यादित नाही. शरीरात कुठेही दाह झाला की ते वाढतं.

ते बनतं मुख्यतः यकृतात. दाह झालेल्या जागेवरून निघालेला इंटरल्यूकिन-१ चा निरोप पुढे इंटरल्यूकिन-६ कडे जातो, ते रक्तातून यकृतापर्यंत पोचतं, आणि यकृत सीआरपी ओतू लागतं. मोठा जंतुसंसर्ग असेल तर दर आठेक तासांनी पातळी दुप्पट होत दोन दिवसांत शेकडोपट वाढू शकते. रक्तातून निम्मं सीआरपी नाहीसं व्हायला साधारण १९ तास लागतात, आणि माणूस आजारी असो वा धडधाकट, हा वेग बदलत नाही. त्यामुळे रक्तातला आकडा हा यकृताला सध्या किती निरोप येताहेत याचा बऱ्यापैकी सरळ हिशेब असतो.

बंद खोलीच्या खिडकीतून तुम्हाला आभाळ दिसत नाही, फक्त रस्त्यावरची माणसं दिसतात असं समजा. किती जणांनी छत्र्या उघडल्यात हे मोजून पाऊस आहे का, किती आहे, याचा अंदाज बांधता येईल. सीआरपी म्हणजे या उघडलेल्या छत्र्या. पाऊस भिंतीच्या पोटात पडतोय, तिथे आपली नजर पोचत नाही. ही छत्र्यांची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती दोनदा लागणार आहे.

साधा सीआरपी आणि एचएस-सीआरपी: दोन वेगळ्या गोष्टी?

प्रथिन तेच. वेगळा आहे तो काटा, म्हणजे वजनाचा. साध्या सीआरपीची तपासणी तापात, संसर्गात, ऑपरेशननंतर करतात. तिथे आकडे मोठे असतात, म्हणून धान्याच्या पोत्याचा काटा पुरतो. हृदयाच्या बाबतीत जो फरक पाहायचा असतो तो एक आणि तीनमधला. त्यासाठी सोनाराचा काटा लागतो. एचएस म्हणजे हाय सेन्सिटिव्हिटी, हा सोनाराचा काटा. तापात केलेल्या साध्या सीआरपीचा रिपोर्ट काढून त्यावरून हृदयाचं भविष्य वाचू नका.

एक खोड इथेच सांगते, कारण तिने भल्याभल्यांना चकवलं आहे. काही लॅब हा आकडा मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये देतात, काही मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये. डेसिलिटर म्हणजे लिटरचा दहावा भाग. त्यामुळे एकीकडचा ०.६ हा दुसरीकडचा ६ असतो. दोन लॅबचे रिपोर्ट शेजारी ठेवून “अरे वा, दहापट उतरला” असा आनंद झाला, तर आधी एकक वाचा. या लेखातले सीआरपीचे सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये आहेत.

१, २, ३ आणि १०

२००३ मध्ये अमेरिकेतल्या दोन संस्थांनी मिळून एक पट्टी ठरवली: १ पेक्षा कमी म्हणजे कमी धोका, १ ते ३ मध्यम, ३ पेक्षा जास्त म्हणजे अधिक. १० च्या वर गेला तर हृदयाचा विचार बाजूला ठेवायचा, संसर्ग किंवा दुसरं कारण शोधायचं, आणि ते निवळल्यावर पुन्हा तपासायचं. एकाच आकड्यावर न विसंबता दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा मोजून सरासरी घ्यावी, हेही तेव्हाच सांगितलं होतं. हा शेवटचा भाग रिपोर्टवर सहसा छापत नाहीत, आणि माझ्या मते सगळ्यात उपयोगाचा भाग तोच आहे.

मध्येच २ कुठून आला? नंतरच्या मोठ्या औषधचाचण्यांनी रुग्ण निवडताना २ ही सीमा धरली, म्हणून आता डॉक्टर २ किंवा त्याहून जास्त आकड्याला ‘धोका वाढवणारी बाब’ मानतात. १.९ आणि २.१ मध्ये शरीराच्या दृष्टीने काडीचा फरक नाही. रेघ कुठेतरी ओढावी लागते म्हणून ओढलेली आहे.

“सर्दी झाली तरी वाढतो, मग याचा भरवसा काय?”

रास्त आक्षेप आहे. छत्र्या उन्हातही उघडतात. सर्दी-खोकला, मुरगळलेला पाय, हिरड्यांचा आजार, नुकतीच घेतलेली लस, आदल्या दिवशी केलेली अतोनात मेहनत, यातल्या कशानेही आकडा वर जाऊ शकतो. पोटात साचलेली चरबी स्वतःच इंटरल्यूकिन-६ सोडते, त्यामुळे वजन जास्त असलेल्यांत सीआरपी कायमच चढा दिसतो. धूम्रपानाने वाढतो. रजोनिवृत्तीनंतर तोंडाने घेतलेल्या इस्ट्रोजेनच्या गोळ्यांनीही वाढतो. हार्ट ॲटॅक येऊन गेल्यावर तर काही दिवस खूपच वाढलेला असतो, कारण तिथला स्नायू जखमी झालेला असतो.

मैत्रिणीला मी फोन केला. आठवड्यात ताप? नाही. कुठे पडलीस-झडलीस? नाही. औषध काही चालू? “अगं, दाढ काढली ना परवा. गाल अजून सुजलेलाच आहे.” हेल्थ चेकअपच्या पॅकेजची तारीख आधीच ठरलेली होती, म्हणून ती तशीच जाऊन रक्त देऊन आली. रक्त घेणाऱ्याने उपाशी आहात ना एवढं विचारलं. दाढेचं कोण विचारतो!

दाह कुठे आहे हे सीआरपी सांगत नाही, फक्त आहे एवढंच सांगतो. छातीत दुखतंय म्हणून दवाखान्यात गेल्यावर ट्रोपोनिन तपासतात, त्याची गोष्ट वेगळी आहे. ट्रोपोनिन हृदयाच्या स्नायूतून येतं, ते वाढलं म्हणजे स्नायूला इजा झाली. सीआरपीला असा पत्ता नाही. छातीत कळ येत असताना सीआरपी नॉर्मल आहे म्हणून घरी बसणं जिवावर बेतू शकतं.

पण या आक्षेपाला दुसरी बाजूही आहे. ‘साधा फ्लू होता’ म्हणून वाढलेला दाह हृदयाला अगदीच निरुपद्रवी नसतो. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातल्या २०१८ च्या अभ्यासात, तपासणीने सिद्ध झालेला फ्लू झाल्यावर पहिल्या सात दिवसांत हार्ट ॲटॅकचं प्रमाण एरवीच्या सहापट आढळलं. आधीच धुमसणाऱ्या प्लाकवर बाहेरचा दाह तेल ओततो. ॲटॅक येऊन गेलेल्यांना फ्लूची लस घ्या असं डॉक्टर बजावतात, त्यामागे हे कारण आहे. आमवात, म्हणजे रूमॅटॉइड आर्थ्रायटिस, असलेल्यांचंही तसंच. सांध्यांत वर्षानुवर्षं चाललेला दाह हृदयालाही भोवतो, म्हणून युरोपातले संधिवाततज्ज्ञ या रुग्णांचा हृदयविकाराचा अंदाजित धोका दीडपट धरायला सांगतात.

कोलेस्टेरॉल नॉर्मल असेल तर दाहाची चिंता कशाला?

हा प्रश्न हार्वर्डच्या पॉल रिडकर यांनी लावून धरला. १९९७ मध्ये त्यांच्या गटाने निरोगी पुरुष डॉक्टरांचं वर्षांपूर्वी गोठवून ठेवलेलं रक्त बाहेर काढलं. ज्यांना नंतर हार्ट ॲटॅक आला त्यांचा सीआरपी कितीतरी आधीपासून चढा होता. सर्वाधिक सीआरपी असलेल्या चौथ्या हिश्शातल्यांना सर्वांत कमी असलेल्यांच्या जवळपास तिप्पट धोका. २०२४ मध्ये याच धाटणीचा, पण बायकांचा अभ्यास आला: २७,९३९ अमेरिकन स्त्रिया, तीस वर्षांचा मागोवा. वरच्या आणि खालच्या पाचव्या हिश्शांची तुलना केली तर सीआरपीमुळे धोका ७० टक्क्यांनी जास्त दिसला, एलडीएलमुळे ३६ टक्क्यांनी. पंचावन्नच्या आसपास एकदाच काढलेल्या रक्ताने तीस वर्षांबद्दल इतकं सांगावं, हे मला आजही थक्क करतं. एचएस-सीआरपीच्या हृदयविकारातल्या वापराच्या पेटंटवर रिडकर यांचं नाव आहे आणि ते स्वतःच लेखांत तसं नमूद करतात. वाचणाऱ्याने तेही ध्यानात ठेवलेलं बरं.

मधल्या काळात, २००८ मध्ये, ज्युपिटर नावाची चाचणी गाजली. १७,८०२ माणसं, एलडीएल १३० च्या आत, म्हणजे एरवी कुणी औषध दिलं नसतं अशी. पण सीआरपी २ किंवा जास्त. निम्म्यांना रोसुव्हास्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या ‘स्टॅटिन’ गटातली गोळी), निम्म्यांना रिकामी गोळी. सरासरी दोन वर्षांच्या आतच चाचणी थांबवावी लागली, इतका फरक पडला. औषध घेणाऱ्यांत हार्ट ॲटॅक, पक्षाघात वगैरे मोठ्या घटना ४४ टक्क्यांनी कमी झाल्या.

४४ टक्के ऐकून डोळे विस्फारतात, म्हणून तोच हिशेब दुसऱ्या बाजूने करू. रिकामी गोळी घेणाऱ्या ८,९०१ जणांत २५१ घटना, औषध घेणाऱ्या तितक्याच जणांत १४२. हजारी म्हटलं तर २८ ऐवजी १६. फायदा खरा आहे, पण हजारातल्या ९७२ जणांना त्या काळात औषधाशिवायही काही झालं नसतं. शिवाय औषध घेणाऱ्यांत मधुमेहाचं निदान किंचित जास्त झालं. आणि एक बारकावा: या चाचणीत सीआरपी कमी असलेल्यांना घेतलंच नव्हतं. त्यामुळे ‘सीआरपी पाहूनच स्टॅटिन द्यावं’ हे त्यातून सिद्ध होत नाही. स्टॅटिनने एलडीएल निम्म्यावर आलं होतं आणि सीआरपी ३७ टक्क्यांनी उतरला होता. श्रेय कुणाचं?

“मग सीआरपीच खाली आणू या की!”

इथे छत्र्या दुसऱ्यांदा लागतात. माणसांच्या हातातल्या छत्र्या हिसकावून मिटवल्या म्हणून पाऊस थांबत नाही.

सीआरपी दोषी आहे की नुसता साक्षीदार, हे तपासायला निसर्गाने एक प्रयोग करून ठेवला आहे. काही माणसांत जन्मतःच जनुकांच्या बारीक फरकामुळे सीआरपी आयुष्यभर थोडा जास्त असतो. सीआरपीच दोषी असता, तर या माणसांना हृदयविकार जास्त व्हायला हवा होता. तसं झालं नाही. उलट इंटरल्यूकिन-६ चा निरोप ज्यांच्यात जन्मतः मंद पोचतो, त्यांच्यात हृदयविकार कमी आढळला. म्हणजे पाऊस वरच्या साखळीत आहे, आणि सीआरपी ही त्याची खूण.

मग संशोधकांनी साखळीवरच हात घातला. २०१७ मध्ये कँटॉस चाचणीचे निकाल आले. ॲटॅक येऊन गेलेले, सीआरपी २ किंवा त्याहून जास्त असलेले १०,०६१ रुग्ण. दर तीन महिन्यांनी कॅनाकिनुमॅबचं इंजेक्शन, जे फक्त इंटरल्यूकिन-१ बीटाला रोखतं. कोलेस्टेरॉलला हात लावत नाही. एलडीएल जिथल्या तिथे, सीआरपी खाली, आणि मधल्या मात्रेत मोठ्या घटना १५ टक्क्यांनी कमी. फिर्खोपासून चाललेल्या वादाचा निकाल इथे लागला म्हणायला हरकत नाही, कारण कोलेस्टेरॉल न बदलता केवळ दाह कमी करून ॲटॅक कमी झाले होते.

पण दाह ही आपली संरक्षक फौजही आहे. या इंजेक्शनने जीवघेणे जंतुसंसर्ग थोडे वाढले, आणि एकूण मृत्यूंचा आकडा हलला नाही. हृदयासाठी त्याला अमेरिकेत परवानगी मिळाली नाही. पुढच्याच वर्षी मेथोट्रेक्सेटची चाचणी संपली. आमवातावरचं हे जुनं औषध. तेही दाहच कमी करतं, पण इथे ना सीआरपी उतरला, ना ॲटॅक. दाह कमी करणारं कुठलंही औषध देऊन भागत नाही, नेमकी तीच साखळी तोडावी लागते, हे त्यातून उमगलं.

मग आयब्युप्रोफेन घेतली तर?

अजिबात नको. ‘अँटी-इन्फ्लमेटरी’ या नावाखाली मिळणाऱ्या वेदनाशामक गोळ्या दाहाच्या वेगळ्या वाटेवर काम करतात, आणि त्यांतल्या कितीतरी गोळ्यांनी हृदयविकाराचा धोका उलट वाढतो. रोफेकॉक्सिब नावाची गोळी २००४ मध्ये जगभरातून याच कारणाने मागे घ्यावी लागली. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांवरही इशारे आहेत. ॲस्पिरिनचा हृदयाला होणारा उपयोग मुख्यतः गुठळी न होऊ देण्याचा आहे, आणि तीही आपल्या मनाने सुरू करायची गोष्ट नाही.

गाउटची गोळी हृदयावर

कोल्चिसिन हे अतिप्राचीन औषध. कोल्चिकम नावाच्या फुलझाडातून काढलेलं आणि शेकडो वर्षं गाउटवर, म्हणजे युरिक ॲसिडमुळे सांधे सुजण्याच्या आजारावर, वापरलेलं. आपल्या ओळखीच्या कळलावीतही हाच घटक असतो, म्हणून तर ती विषारी. ते पांढऱ्या पेशींची हालचाल रोखतं आणि मघाची ती पेशीतली घंटाही दाबतं.

२०१९ मध्ये, ॲटॅक येऊन महिनाही न झालेल्या रुग्णांना रोज अर्धा मिलिग्रॅम देऊन पाहिलं: मोठ्या घटना ७.१ टक्क्यांवरून ५.५ टक्क्यांवर. २०२० मध्ये जुन्या, स्थिरावलेल्या रुग्णांत ९.६ वरून ६.८ टक्क्यांवर. २०२३ मध्ये अमेरिकेने हृदयासाठी या मात्रेला मान्यता दिली. सगळे खूश. आणि २०२४ मध्ये सात हजारांवर रुग्णांची मोठी चाचणी आली, ॲटॅकनंतर लगेच सुरू केलेल्या कोल्चिसिनची: एकीकडे ९.३, दुसरीकडे ९.१ टक्के. फरक शून्यात जमा. माझा कल असा, की स्थिरावलेल्या रुग्णांत त्याला जागा आहे, ताज्या ॲटॅकमध्ये शंका आहे. मूत्रपिंड अधू असेल किंवा क्लॅरिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक चालू असेल तर हे औषध अंगात साचून जीवघेणं ठरू शकतं, म्हणून ते डॉक्टरांच्या नजरेखालीच. गंमत म्हणजे २०१९ आणि २०२० च्या चाचण्यांत रुग्ण घेताना सीआरपीची अटच नव्हती.

ईएसआर, फायब्रिनोजेन आणि बाकीची यादी

मोठ्या पॅकेजमध्ये आणखी नावं दिसतात. ईएसआर, म्हणजे तांबड्या पेशी नळीत किती वेगाने खाली बसतात याची दाहाची जुनी तपासणी, हृदयासाठी फारच ढोबळ. इंटरल्यूकिन-६ मोजता येतं, पण ते दिवसभरात वरखाली होतं आणि तपासणी महाग. फायब्रिनोजेन या गुठळी बनवणाऱ्या प्रथिनाचं सीआरपीपेक्षा वेगळं काही सांगणं नसतं. एलपी-पीएलए-२ नावाच्या मार्करचा एकेकाळी बराच बोलबाला होता. त्याला रोखणारं दारापलॅडिब औषध दोन प्रचंड चाचण्यांत सपशेल पडलं. मार्कर वाढलेला दिसतो म्हणजे तो रोखून फायदा होईलच असं नाही, याचा इतका खर्चिक धडा दुसरा नसेल.

आकडा जास्त आलाच तर

डॉक्टरांकडे जाताना दोन आठवड्यांत काय काय झालं ते लिहून न्या: ताप, दात, दुखापत, लस, चालू गोळ्या. मग अंगात काही नसताना पुन्हा तपासा. तरीही दोनच्या वरच राहिला, तर त्याचा अर्थ त्या एका ओळीत नसतो. वय, रक्तदाब, साखर, धूम्रपान, घराण्यातला इतिहास आणि एलडीएल यांच्या पंगतीत बसवूनच तो वाचायचा. ज्याचा धोका उघडच जास्त आहे, त्याचे उपचार सीआरपीने फारसे बदलत नाहीत. ज्याचा धोका अगदी कमी, त्याचेही नाहीत. स्टॅटिन घ्यावं की थांबावं अशा उंबरठ्यावर जे उभे आहेत, त्यांचा पाय कुठे पडावा हे ठरवायला हा आकडा खरा कामाला येतो. ॲटॅक येऊन गेलेल्या, स्टॅटिन नीट घेणाऱ्या माणसात तो चढाच राहिला, तर डॉक्टर ‘उरलेला दाह’ या दृष्टीने पुढचा विचार करतात.

आकडा उतरवणाऱ्या गोष्टी कंटाळवाण्या आहेत. सिगारेट सोडणं, वजन उतरवणं, नियमित व्यायाम, पुरेशी झोप. हिरड्यांच्या उपचारानेही सीआरपी थोडा उतरतो, पण त्याने ॲटॅक टळतात असं अजून सिद्ध झालेलं नाही. दात मात्र वाचतात.

मैत्रिणीने सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त दिलं. गाल उतरला होता. सीआरपी १.३. तिने आनंदाने नवा फोटो पाठवला, या वेळी हिरवा गोल काढून. मी जुना फोटो पुन्हा उघडला. लाल गोलाच्या दोन ओळी वर, तिने, मी, कुणीच न पाहिलेली ओळ होती. एलडीएल १७२. नव्या रिपोर्टमध्ये १६९. तिच्या वडिलांना अठ्ठेचाळिसाव्या वर्षी ॲटॅक आला होता, हेही मला तेव्हाच आठवलं. गुरुवारी तिची डॉक्टरांची अपॉइंटमेंट आहे.